मायेचे माप

घरातील हत्यारे मोजावयास कोणी बसले, तर विळी, अडकित्ता, कोयता, कुदळ, हातोडी अशी नावे भराभर सुचतात. सुईचे नाव मात्र बहुधा शेवटी येते, आणि पुष्कळदा येतही नाही. सुई आकाराने लहान. काम करताना ती आवाज करीत नाही आणि काम आटोपले की रिळात अंग खुपसून गुपचूप बसते. परंतु वयाचा मान द्यावयाचा झाला, तर या मंडळींत तिचा पाट पुढच्या रांगेत मांडावा लागेल. सायबेरियातील देनिसोव्हा नावाच्या गुहेत पक्ष्याच्या हाडाची एक सुई सापडली आहे. दोरा ओवण्यासाठी तिला नीट भोक पाडलेले आहे आणि तिचे वय 40,000 वर्षांहून अधिक आहे. त्या काळी माणसाजवळ नांगर नव्हता, चाक नव्हते, भाजलेले मडके नव्हते; पण सुई होती. थंडीने कुडकुडणाऱ्या आपल्या माणसाच्या अंगावर दोन कातडी एकत्र जोडून घालावीत, असे कोणाच्या तरी मनात आले होते.

शिवणकाम दोन ठिकाणी चालते. दुकानात आणि घरात. दुकानातील शिंप्याची कला थोर आहे, यात संशय नाही. महाराष्ट्राचे लाडके संत नामदेव शिंपी कुळात जन्मले आणि भक्तीचा भाव सांगताना त्यांनी गज, कातर, सुई व दोरा यांचीही रूपके योजिली. अनोळखी गिऱ्हाइकाच्या अंगाला नेमका बसेल असा सदरा एका दिवसात उभा करणे हे सोपे काम नव्हे. घरच्या शिवणीत एवढे कसब नसते. तिचे टाके कोठे लांब, कोठे आखूड पडतात. एक बाही दुसरीपेक्षा बोटभर मोठी होते. काजाच्या कडेने दोऱ्याची टोके डोकावत राहतात. तरीही घरच्या शिवणीजवळ एक गोष्ट अशी असते, की जी दुकानात मिळणे कठीण. ज्याच्यासाठी वस्त्र शिवावयाचे, तो जीव शिवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दिवसरात्र वावरत असतो. कोणाला गळ्याशी घट्ट कापड सोसत नाही, कोणाची बाही रोज वरणात बुडते, कोणाचा गुडघा सहा महिन्यांत कापडाबाहेर येतो, हे सारे तिला ठाऊक असते. फितीने मोजलेले माप कागदावर उतरते. हे दुसरे माप कागदावर उतरत नाही. ते सहवासाने, पाहून पाहून कळते. त्याला मायेचे माप म्हणावे.

या मापाची पहिली परीक्षा तान्ह्या बाळाच्या कपड्यांत होते. बाळाला बोलता येत नाही. आपल्याला काय टोचते, कोठे आवळते, हे ते सांगू शकत नाही. फार तर रडते. म्हणून जाणत्या बाया बाळाच्या अंगड्यासाठी कोरे कापड सहसा निवडीत नाहीत. कोऱ्या कापडात खळ असते आणि ती कोवळ्या कातडीला बोचते. धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले आजीचे लुगडे किंवा आजोबांचे धोतर त्या पेटीतून काढतात. झबल्याला त्या गुंड्या न लावता बंद लावतात. कारण गुंडी पाठीला रुतते आणि तुटली तर बाळाच्या तोंडात जाते. शिवणीची कड आतून टोचू नये म्हणून ती दुमडून बारीक टाक्यांनी तुरपतात.

कुंची पाहिली म्हणजे तर हा विचार अधिकच स्पष्ट होतो. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि ते उघडे राहिले तर अंगातील ऊब तेथून लवकर निघून जाते. कुंची डोके, दोन्ही कान आणि मान झाकते व पाठीवरून खाली लोंबते. ती बहुधा खणाची असते. तिच्या कडेला जरीचा काठ असतो आणि टोकाला गोंडा. बारशाला आलेल्या पाहुण्यांना ती शोभेची वस्तू वाटते. शिवणाऱ्या आजीच्या दृष्टीने मात्र ती बाळाच्या कानांना वारा लागू नये म्हणून घातलेली लहानशी भिंत असते. गोंडा आणि जरी ही भिंतीवर काढलेली वेलबुट्टी होय. आधी भिंत, मग वेलबुट्टी, हा क्रम घरच्या शिवणीने सहसा मोडलेला नाही.

मूल चालू लागले, धावू लागले की अडचण बदलते. आता ते बोलते. एवढेच नव्हे, तर ते वाढते. चैत्रात बेतलेला परकर दिवाळीपर्यंत घोट्यांच्या वर जातो. यावर आपल्या घरांनी एक युक्ती शोधली. तिचे नाव ‘वाढते अंग’. सदरा, परकर किंवा विजार बेतताना खालच्या बाजूस चार बोटे कापड अधिक ठेवावयाचे, ते आत दुमडून कच्च्या टाक्यांनी धरून ठेवावयाचे आणि मूल वाढले की टाके उसवून दुमड सोडावयाची. कापड सुती असले, तर ते बेतण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजत घालून वाळवून घ्यावयाचे. कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि मग वाढत्या अंगाचा हिशेबच चुकतो. दुमड सोडल्यावर त्या जागी कापडाचा मूळचा रंग पट्ट्यासारखा दिसतो; बाकीचा भाग उन्हाने आणि धुण्याने विटलेला असतो. अशा पट्ट्याची मुलांना कधीकधी लाज वाटते. परंतु तो पट्टा जरा नीट पाहावा. मूल मोठे होणार आहे, हे कोणीतरी वर्षभर आधी जाणून चार बोटे कापड राखून ठेवले होते, याची ती खूण असते.

सणावारांनीही घरच्या सुईला बरेच काम दिले आहे. संक्रांतीच्या सुमारास लहान मुलांचे बोरनहाण होते. त्या दिवशी बाळाला काळे झबले घालतात आणि त्यावर हलव्याचे दागिने चढवितात. मुकुट, हार, बाजूबंद अशा सर्व दागिन्यांत हलव्याचे दाणे दोऱ्याने ओवलेले किंवा कागदाच्या पुठ्ठ्यावर बसविलेले असतात. संक्रांत ही थंडीच्या दिवसांत येते आणि काळा रंग उन्हाची ऊब चटकन शोषून घेतो. म्हणून इतर सणांना टाळला जाणारा हा रंग त्या दिवशी मानाचा ठरतो. हा वेष तासाभराचाच असतो. बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे बाळाच्या डोक्यावरून ओतले जातात, भोवतीची मुले ते लुटतात, आणि मुकुटातील हलवा संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी पोटात गेलेला असतो.

मुलांच्या हाती सुई येते ती बहुधा भातुकलीच्या निमित्ताने. बाहुला-बाहुलीचे लग्न ठरले की बाहुलीला शालू हवा, बाहुल्याला अंगरखा हवा. तेव्हा आजीच्या गाठोड्यातील चिंध्यांना सोन्याचे मोल येते. पहिला टाका हमखास वाकडा पडतो. दोऱ्याला गाठ मारावयाची राहते आणि सारी शिवण सरकन निसटते. सुई बोटात रुतते. दोरा फार लांब घेतला तर त्याचा गुंता होतो, फार आखूड घेतला तर तो पुन्हा पुन्हा ओवावा लागतो. म्हणून तो हातभर घ्यावा, हे येथेच कळते. धावदोरा, टीप, तुरपण आणि साखळी एवढे चार टाके आले की बाहुलीचा सारा संसार शिवता येतो; आणि खरे सांगावयाचे तर माणसाचाही बराचसा संसार याच चार टाक्यांवर उभा असतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे दिवस आले म्हणजे या विद्येला नवे क्षेत्र मिळते. कोणाला शिवाजीमहाराज व्हावयाचे असते, कोणाला वासुदेव, कोणाला झाड, कोणाला ससा. वासुदेवाचा वेष घ्या. त्याला घोळदार अंगरखा लागतो. आईचा पांढरा परकर उलटा करून, नाडीची बाजू छातीशी बांधली, की अंगरख्याचा घोळ मिळतो. कमरेला उपरणे, हातांत टाळ-चिपळ्या. राहिली ती उंच टोपी. जुन्या दिनदर्शिकेचा जाड कागद गुंडाळून त्याचे शंकूसारखे टोक करावे, त्यावर कापड ताणून तळाशी आत दुमडून शिवावे आणि मोरांनी आपण होऊन गाळलेली पिसे घरात असतील तर ती भोवती लावावीत. नसतील तर हिरव्या-निळ्या कागदाची पिसे कापून लावावीत. ससा व्हावयाचा असेल, तर पांढऱ्या कापडाचे लांब कान शिवून ते टोपीला जोडावेत. ते ताठ उभे राहावेत म्हणून त्यांच्या आत पुठ्ठ्याची पट्टी घालावी. तार घालू नये, कारण नाचताना तारेचे टोक बाहेर आले तर डोळ्यास इजा होते.

रंगभूमीच्या वेषाची एक गंमत अशी, की तो खरा असावा लागत नाही. लांबून खरा वाटावा लागतो. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाला सोनेरी कागद आणि जरी यांतील भेद कळत नाही. म्हणून येथे महाग कापडाची गरज नसते; गरज असते ती कल्पकतेची. शहाणी आई राजकन्येच्या वेषासाठी आपले पैठणीसारखे मोलाचे वस्त्र मुलीला देते, पण त्याला कातर लावीत नाही. निऱ्या घालून, जागोजागी कच्चे टाके घेऊन ती नऊवारी वस्त्र दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर बसविते. प्रयोग संपला की टाके ओढून काढावयाचे. वस्त्र जसेच्या तसे पेटीत जाते. मात्र एक गोष्ट तिला रंगीत तालमीच्या दिवशीच पाहून घ्यावी लागते. या वेषात मुलीला चालता येते का? जिना चढता येतो का? श्वास मोकळा घेता येतो का? ज्या वेषात राजकन्या नाटकभर पदर आणि मुकुटच सावरीत राहते, तो वेष कितीही सुंदर असो, तो नीट शिवला गेला नाही असेच म्हणावे लागेल.

माणसांनी केवळ माणसांसाठीच शिवले, असे नाही. आपल्या घरात राबणाऱ्या, राखण करणाऱ्या, सोबत देणाऱ्या मुक्या जीवांनाही त्याने वस्त्रांचा मान दिला. महाराष्ट्रात या मानाचे सर्वांत सुंदर रूप पोळ्याच्या दिवशी दिसते. पुष्कळ भागांत श्रावणी अमावास्येला पोळा असतो. काही ठिकाणी तो भाद्रपदी अमावास्येला करतात, तर कोल्हापूर-सांगलीकडे असाच सण बेंदूर या नावाने आधीच साजरा होतो. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप किंवा तेल चोळतात. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवावयाचे नसते. त्याला ओढ्यावर नेऊन न्हाऊ घालावयाचे, शिंगे रंगवावयाची, गळ्यात घुंगुरमाळ घालावयाची, पुरणपोळी चारावयाची आणि पाठीवर झूल घालून वाजतगाजत वेशीपर्यंत मिरवावयाचे.

झूल म्हणजे बैलाची शालच. अनेक घरांत ती घरीच शिवली जाते. आतून जाड मांजरपाटाचे अस्तर, वरून जुन्या लुगड्याचे रंगीत कापड, कडेला काठाची पट्टी, मधोमध लाल-हिरव्या तुकड्यांचे चौकोन, त्यांत आरसे, चहू कोपऱ्यांना लोकरीचे गोंडे. हे सारे बरोबर बसवावयाचे तर बैलाची अंगकाठी चांगली ठाऊक असावी लागते. आपल्या देशी बैलाला खांद्यावर वशिंड असते. झूल वशिंडावर ताणली गेली तर ती मागे सरकते. म्हणून तिचा पुढचा भाग वशिंडाच्या मागून सुरू करतात किंवा तेथे तिला अर्धगोल काप देतात. दोन्ही कुशींवर ती सारखी लोंबली पाहिजे. पायांत येईल इतकी ती लांब असता कामा नये. पोटाखालून जाणारा बंद बसता-उठताना काचू नये. बैलाचे माप घेणे म्हणजे फीत घेऊन त्याच्याभोवती नाचणे नव्हे. त्याने आपल्याला जवळ येऊ दिले पाहिजे आणि त्यासाठी आपण त्याच्या ओळखीचे असले पाहिजे.

पोळ्याच्या सकाळी एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात काय घडते, ते डोळ्यांपुढे आणावे. घरात सर्जा आणि राजा ही बैलांची जोडी आहे. बारा वर्षांच्या नातीने यंदा प्रथमच सर्जाची झूल एकटीने शिवली आहे. आठ दिवस शाळेतून आल्यावर ती कंदील लागेपर्यंत ओसरीवर बसून टाके घालीत होती. झुलीवर तिने आरशांचे फूल केले आहे आणि मागच्या कडेला ओळीने चाळीस घुंगरू शिवले आहेत. आजोबा झूल सर्जाच्या पाठीवर घालतात. नात टाळ्या पिटते. सर्जा एक पाऊल टाकतो. मागच्या पायांवर घुंगरू छमकन आपटतात. तो दचकून थांबतो, मान वळवून मागे पाहतो, पुन्हा पाऊल उचलतो. पुन्हा तोच आवाज. मग तो शेपटी आपटू लागतो, शिंगे हलवितो आणि पुढे येईनासा होतो. इकडे वेशीकडून ढोलाचा आवाज येऊ लागलेला असतो.

“आजोबा, जरा ओढा ना त्याला! होईल त्याला सवय,” नात म्हणते.

आजोबा कासरा सैल सोडतात. उंबऱ्यात बसलेली आजी सारे पाहत असते. ती विचारते, “झूल कोणासाठी शिवलीस गं, बाळ?”

“सर्जासाठी.”

“मग तो काय म्हणतोय, ते बघ की.”

नात सर्जाकडे पाहते. त्याचे कान ताठ झालेले असतात आणि मागच्या पायांची कातडी थरथरत असते. तिच्या डोळ्यांत पाणी येते. “आठ दिवस लागले गं आजी मला ते घुंगरू लावायला,” ती हळूच म्हणते.

“मला का ठाऊक नाही? मीच तर दोरा ओवून देत होते,” आजी म्हणते आणि कातर पुढे करते.

नात झूल उतरवून मांडीवर घेते व एकेक टाका उसवू लागते. उसवताना कापड फाटू नये म्हणून कातरीचे टोक फार जपून घालावे लागते; घाईचे काम ते नव्हेच. निम्मे घुंगरू निघाल्यावर तिला काहीतरी सुचते. राहिलेले घुंगरू ती भराभर काढते आणि एका जाड सुतळीत सारे ओवून आजोबांच्या हाती देते. गळ्यातील घुंगुरमाळेचा आवाज सर्जाच्या ओळखीचा असतो. ही नवी माळ जुन्या माळेच्या शेजारी बसते. झूल पुन्हा पाठीवर येते; आता ती मुकाट आहे, फक्त आरसे उन्हात लकाकतात. सर्जा एक पाऊल टाकतो, थबकतो, आणि चालू लागतो. ते वेशीवर पोहोचतात तेव्हा तोरणाखाली इतर बैल उभे राहिलेले असतात. त्यांची जागा मागची असते. तोरण तुटते, पोळा फुटतो आणि सर्जा-राजा घराकडे वळतात. झुलीच्या मागच्या कडेला चाळीस बारीक भोके राहून गेलेली असतात. पुढच्या वर्षी तेथे गोंडे लावावयाचे, असे नात परतीच्या वाटेवरच ठरवून टाकते.

त्या दिवशी नातीने शिवण्यापेक्षा उसवण्यात अधिक मिळविले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. उसवणे हा शिवणकामाचाच एक भाग आहे. ज्याला आपले टाके उसवण्याचे धैर्य नाही, त्याचे कापड शेवटी दुसऱ्याच्या अंगाला काचत राहते. शिवणाऱ्याला आपली मेहनत प्रिय असते आणि ती असावीच. परंतु वस्त्र अंगावर वागवावयाचे असते ते दुसऱ्याला.

आजकाल पुष्कळ घरांत कुत्रा, मांजर असे प्राणी हौसेने पाळतात आणि त्यांनाही सदरे, टोप्या घालतात. तेथेही हाच विचार उपयोगी पडतो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो तोंड उघडून, जीभ बाहेर काढून, धापा टाकीत अंगातील उष्णता बाहेर टाकतो. म्हणून वैशाखाच्या उन्हात त्याला जरीचा अंगरखा चढविणे म्हणजे लाड नव्हेत, शिक्षा होय. परंतु आखूड केसांचा, अंगाने बारीक किंवा म्हातारा कुत्रा पौषातील पहाटे खरोखरच कुडकुडतो. त्याच्यासाठी जुन्या स्वेटराच्या बाहीचाही उपयोग होतो. कुत्रा लहान असेल तर बाहीला पुढच्या पायांसाठी दोन भोके पाडून कडा शिवल्या, की त्याचे काम भागते. मोठ्या कुत्र्यासाठी तीन मापे घ्यावी लागतात. गळ्याचा घेर, पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी. पोटाखालचा मागचा भाग उघडा ठेवावा, म्हणजे कापड ओले होत नाही. गुंड्या लावू नयेत. कुत्रा त्या चावून गिळतो. कपडा घातल्यावर त्याने कान पाडले, शेपूट पायांत घेतली किंवा तो जागचा हलेना, तर त्याने आपला अभिप्राय दिला असे समजून कपडा काढून घ्यावा. मांजर तर आपला अभिप्राय याहून रोखठोक देते. कपड्याचा स्पर्श होताच ते पुष्कळदा अंग चोरून बसते किंवा चक्क आडवे होते. त्याने असे केल्यावर त्याला हसण्यापेक्षा मोकळे करावे, हे बरे.

याउलट, ज्याला खरी गरज आहे अशा प्राण्यासाठी माणसांनी किती आस्थेने वस्त्रे केली, याची उदाहरणेही आहेत. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ फिलिप नावाचे बेट आहे. तेथे जगातील सर्वांत लहान जातीचे पेंग्विन राहतात. त्यांची उंची सुमारे 33 सेंटिमीटर आणि वजन साधारण एक किलोग्रॅम असते. समुद्रात तेल सांडले की ते त्यांच्या पिसांना चिकटते. पिसांची घट्ट वीण विसकटते आणि थंड पाणी थेट कातडीला भिडते. शिवाय पेंग्विन चोचीने पिसे साफ करू लागतो आणि ते विषारी तेल त्याच्या पोटात जाते. 2001 साली अशा तेलगळतीत तेथील 438 पेंग्विन सापडले. पेंग्विनांना धुऊन काढण्याइतकी शक्ती येईपर्यंत ऊब मिळावी आणि त्यांनी तेल गिळू नये, म्हणून त्यांना लोकरीचे लहान स्वेटर घालण्यात आले, आणि त्यांतील बहुतेक पेंग्विन वाचले. या स्वेटरांचा नमुना ठरलेला असतो. पंख मोकळे राहिले पाहिजेत. वीण इतकी सैल नसावी की चोच अडकेल. देशोदेशींच्या लोकांनी, त्यांत कित्येक वृद्धांनी, कधी न पाहिलेल्या त्या पाखरांसाठी असे स्वेटर विणून पाठविले. आपल्या देशातही मथुरेजवळ सुटका केलेल्या हत्तींचे एक आश्रयस्थान आहे. 2017 सालच्या कडाक्याच्या थंडीत आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांनी तेथील हत्तींसाठी रंगीबेरंगी लोकरीची भलीमोठी वस्त्रे विणली. पेंग्विनाचा स्वेटर तळहातावर मावतो, हत्तीचे वस्त्र दोघातिघांना उचलावे लागते. दोन्हींमागची दृष्टी मात्र एकच असते.

यंत्राने शिवणकामाचे रूप पालटले, हे खरे. 1846 साली अमेरिकेत ईलायस हाउ या कारागिराने शिवणयंत्राचे एकस्व मिळविले. त्याच्या सुईचा डोळा वरच्या टोकाला नसून अणकुचीदार टोकापाशी होता. ती सुई वरचा दोरा कापडातून खाली नेते आणि तेथे दुसरा दोरा त्यात अडकतो. अशा रीतीने दोन दोऱ्यांची पक्की टीप पडते. 1851 साली आयझॅक सिंगर याने आपल्या सुधारलेल्या यंत्राचे एकस्व घेतले आणि पुढे ही यंत्रे घरोघर पोहोचली. आपल्याकडेही कितीतरी विधवा आणि गरजू स्त्रियांनी पायाच्या यंत्रावर लोकांचे कपडे शिवून मुलांची शिक्षणे केली. आता बाजारात सारेच तयार मिळते. बाळाची कुंची मिळते, वासुदेवाची टोपी मिळते, बैलाची झूलही मिळते. ट्रॅक्टर आल्यापासून गावातले बैल कमी झाले आहेत आणि अनेक घरांत पोळ्याला मातीच्याच बैलांची पूजा होते. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले नाना वेष करून लाकडी बैल मिरवितात आणि त्या लाकडी बैलांच्या पाठींवरही वीतभर झुली झळकतात.

तयार वस्तू घेण्यात गैर काही नाही. ज्या घरात सर्वांना दिवसभर राबावे लागते, तेथे कुंची बाजारातून आली म्हणून बाळावरची माया कमी होत नाही. परंतु बाजारातील वस्तू सर्वांच्या मापाची असते, म्हणजे नेमकी कोणाच्याच मापाची नसते. ती आणल्यावरही एखादा बंद आखूड करावा लागतो, कोठे एक टाका घालावा लागतो, टोचणारी चिठ्ठी मानेपाशी उसवावी लागते. तेवढ्यापुरती तरी घरात सुई हवी आणि ती चालविणारा हात हवा. हा हात मुलीचाच असला पाहिजे, असे कोठे लिहिलेले नाही. शिडांच्या जहाजांवर फाटलेली शिडे खलाशीच शिवीत, आणि तुटलेली गुंडी सैनिकाला आपली आपण लावता आली पाहिजे.

मुलांनो, तुमच्या घरी सुईदोरा असेल. तो मागून घ्या. धाकट्या भावंडाच्या सदऱ्याची तुटलेली गुंडी तुमची वाट पाहत असेल, नाहीतर दाराशी झोपणारे म्हातारे कुत्रे यंदाच्या थंडीत कुडकुडत असेल. टाका घालण्यापूर्वी त्याच्याकडे थोडा वेळ नीट पाहा. तो कसा बसतो, कसा चालतो, त्याला कोठे खुपते, हे लक्षात आले की कातर हाती घ्यावी. पहिली शिवण वाकडी येईल. ती उसवावी आणि पुन्हा घालावी.